पावडर टाक जरा

पूल हा खेळ आमच्या घरात कुणीच प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल मतं सगळ्यांनाच होती. टीव्हीवर हिरवं टेबल, सहा भोकं आणि रंगीत गोट्या दिसल्याबरोबर काकांनी जाहीर केलं, "हा तर कॅरम!" काका त्यांच्या ऑफिसातले कॅरम चॅम्पियन. माझे हाल तिथून सुरू झाले.

यंत्र होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1982 मध्ये इंग्लंडात काढलेल्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचा हा देशी अवतार, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये आणलेला. मेमरी 48 केबी, पडदा म्हणजे घरातला एकुलता एक टीव्ही. आणला होता माझ्या अभ्यासासाठी. (कॉम्प्युटर तेव्हा अभ्यासासाठीच आणत.)

पूलचा प्रोग्रॅम मी एका इंग्रजी मासिकातून उतरवून घेतला होता, बेसिक नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. उतरवणं सोपं, 'पी' दाबलं की आख्खं 'प्रिंट' उमटायचं, 'जे' दाबलं की 'लोड'. खरी परीक्षा तो कॅसेटवरून परत चढवताना, कारण कॅसेटवर तो आवाजाच्या रूपात साठवलेला. टेपरेकॉर्डर किंचाळू लागला की पडद्याच्या कडेने आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावायचे, आणि आजी "कुणाला काय झालं?" म्हणत माजघरातून बाहेर यायची. तिच्यासाठी आवाज कमी करावा, तर अगदी शेवटाला 'टेप लोडिंग एरर'. मग बारक्या स्क्रू ड्रायव्हरने टेपच्या हेडचा स्क्रू किंचित पिळायचा आणि आजीला पुन्हा घाबरवायचं.

एवढं करून डाव मांडला की काका मागे खुर्ची टाकून बसणार.

"स्ट्रायकर आपल्या रेघेवर का नाही ठेवत?"

"काका, पांढरी गोटी थांबेल तिथूनच मारायची असते."

"हा काय न्याय झाला?"

पण खरा तंटा काळ्या गोटीचा. पूलमध्ये काळी सगळ्यात शेवटी घ्यायची, आधी पडली तर डाव गेला. काकांच्या लेखी ती राणी. आपली एक सोंगटी घेतली की लगेच राणी घ्यायची आणि कव्हर द्यायचं, असा त्यांचा ऑफिसात गाजलेला खाक्या. इथे राणी घेतली रे घेतली की पडद्यावर डाव संपल्याची पाटी. "तुझ्या मशीनला नियम शिकव," असं मला सांगून काका पुढच्या डावात पुन्हा राणीवरच नेम धरत.

त्यात रंगांचा घोळ. स्पेक्ट्रमचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत विभागलेला, आणि एका चौकटीत रंग दोनच. त्यातला एक टेबलाच्या हिरव्याने आधीच बळकावलेला. म्हणजे लाल गोटी पिवळीला जाऊन चिकटली की दोघी एकाच रंगाच्या. कुठली कोणाची हे यंत्राला मेमरीत बरोबर ठाऊक असायचं, पण काकांचा विश्वास डोळ्यांवर. दिसेल त्या रंगाप्रमाणे हक्क सांगायचा, आणि रंग बदलला की मशीन खोटारडं.

शिवाय सगळं संथ. आतल्या झेड-80 प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नाही. गुणाकार म्हणजे बेरजा करत बसायचं. त्यावर बेसिकचं ओझं. गोटी ठेचकाळत ठेचकाळत निघायची आणि भोकाच्या तोंडाशी येऊन थांबायची.

"बोर्ड जड झालाय. बोरिक पावडर टाक जरा."

यावर काय बोलणार? तरी मी प्रोग्रॅम उघडून ती ओळ दाखवली. दर पावलाला गोटीचा वेग 0.97 ने गुणला जात होता. "हे तुमचं घर्षण, काका."

"मग काढ ना ते."

काढलं. 0.97 च्या जागी 1 घातला. काकांनी फोडलं आणि गोट्या निघाल्या. वेग तितकाच संथ, फक्त आता थांबायचं नाव नाही. कडेला आदळल्या की दिशा तेवढी उलटायची. एक लाल पडली, मग एक पिवळी, मग पुन्हा लाल. सगळ्या गोट्या थांबल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येऊ नये अशी त्या प्रोग्रॅमची शिस्त, त्यामुळे मी नुसता प्रेक्षक. काका मात्र पडणाऱ्या प्रत्येक गोटीला "मारली!" म्हणत होते.

तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली. बाबा टीव्हीसमोर येऊन उभे राहिले.

"दादा, जरा थांब," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझा शॉट अजून चालू आहे."