पुठ्ठा, व्हर्नियर आणि गेलेली लाईट

जळगावात पुठ्ठा मिळत नाही असं नाही, पण आपल्या कापायच्या मशीनला जो हवा तो मागायला गेलं की दुकानदार आपल्याकडे असा बघतो जणू काही आपण मे महिन्यात स्वेटर मागतोय.

भाचीच्या लग्नाच्या रुखवतासाठी चिपबोर्डचा (म्हणजे जाड करड्या पुठ्ठ्याचा, तोच ग्रे बोर्ड) वाडा करायचा होता, खिडक्या-महिरपींसकट, घरात क्रिकट मेकर (कॉम्प्युटरवरचं डिझाइन ब्लेडने कापणारी मशीन) आहे आणि तिच्या नाइफ ब्लेडने २.४ मिमीपर्यंतचा माल कापता येतो, म्हणजे २ मिमीचा ग्रे बोर्ड आणला की झालं. झालं कसलं! फुले मार्केटच्या बाजूला विचारलं तर "जीएसएम सांगा" (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), बाइंडिंगवाल्याकडे गेले तर "किती औंसाचा?", आणि तिसऱ्याने अंगठा आणि बोटात पुठ्ठा चिमटून "दोनचाच आहे ताई" असं शपथेवर सांगितलं. अहो, वजनाने जाडी कशी कळणार, एक बोर्ड घट्ट दाबलेला असतो, दुसरा नुसता फुगलेला! शेवटी मुलाचा इंजिनीअरिंगचा, जाडी अचूक मोजायचा व्हर्नियर पर्समध्ये टाकला.

तो बाहेर काढला आणि दुकानात एकदम शांतता. मालकाला वाटलं वजनमापवाली मॅडम आली. लगेच चहा, लगेच खुर्ची, वर पंखापण माझ्याकडे फिरवला. दोनचा म्हणवणारा बोर्ड १.७ भरला, दुसरा २.६, म्हणजे तो मशीनमध्ये घालायचाच नाही. कोपरा वाकवून बघायचा हे त्यानेच शिकवलं, पापुद्रे सुटले की तो नको, बारीक महिरपीत हमखास उलगडतो. हे मात्र खरं निघालं.

मग घरी कूलर. ४४ डिग्रीत कूलर बंद ठेवायची माझी हिंमत नाही, आणि त्याची ओली हवा लागली की बोर्ड पापडासारखा वळतो. वळलेला बोर्ड मशीनमध्ये घालायच्या चिकट मॅटला चिकटत नाही. म्हणून तो गादीखाली. नवऱ्याने दोन रात्री कुरकुर केली, पण सरळ झाला (बोर्ड).

कापायचं म्हणजे पण सोपं नाही, जांभळी स्ट्राँग ग्रिप मॅट घ्या, चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा, रोलरवरच्या पांढऱ्या चकत्या उजवीकडे सरकवा, बोर्ड ११ इंचांपेक्षा रुंद नको. ब्लेड त्याच रेषेवरून परत परत परत फिरतं, एक भिंत कापायला तासाच्या वर, आणि शेवटच्या फेरीला लाईट गेली. मॅट बाहेर काढली की जागा चुकते म्हणून हात न लावता बसले, तरी लाईट आल्यावर मशीनला काहीच आठवत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "इतला खटाटोप कशाले, कैची नाही का घरात?" उरलेलं कटरने सोडवलं, अंगठ्याला फोड.

वाडा झाला, छान झाला. आता नवा माल आला की तो दुकानदारच फोन करतो, "मॅडम, तुमचं ते मोजायचं घेऊन या ना, सप्लायर दोनचा म्हणून काय देऊन राहिला ते बघायचंय मले."