दुनळीच्या पोटावरचे ठसे: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी बरोबर होती. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: सासऱ्यांच्या आजोबांची दुनळी बंदूक मी मागच्या लेखात हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीची म्हणून खपवली, फोटोच्या कोपऱ्यातल्या ठशावरून ती बेल्जियमची दिसते, नळ्या दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या), म्हणजे ती १८७० च्या आसपासची, आणि असल्या आयात मालाला स्वीडिश वारसा म्हणणं भाबडेपणाचं आहे.

पहिली चूक पूर्ण माझी. हुस्कवार्ना म्हटलं की पुण्यातल्या पोरांना चाकणला बनणारी बाइक आठवते. इथं स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात मात्र तो मुळात १६८९ चा बंदुकांचा कारखाना. आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप जसं डालडा, तशी इथल्या घराघरांतली जुनी दुनळी हुस्कवार्ना. घरच्यांनी सांगितलं, मी लिहिलं. नळ्यांखालचं लाकूड काढून बघायचं धाडस तेव्हा झालंच नव्हतं.

गेल्या रविवारी ते केलं. सासऱ्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, पुढचं लाकूड अलगद उतरवलं आणि नळ्या सुट्या करून टेबलावर उलट्या ठेवल्या. घोड्यांच्या बाजूला, नळ्यांच्या पोटाशी जो चपटा भाग असतो, तो शंभर वर्षांच्या तेलाने काळा पडला होता. जुन्या टूथब्रशने घासला तसा आधी मुकुट दिसला, मग त्याखाली अंडाकृती चौकटीत ई-एल-जी ही अक्षरं. हा बेल्जियममधल्या लीएज शहराच्या बंदूक-चाचणीगृहाचा ठसा. शेजारी खांबासारखी बारीक आकृती, म्हणजे पेरों, त्या शहराचं चिन्ह असलेला दगडी स्तंभ. वाद मिटला.

पण सालाबाबत तुम्ही घसरलात. या ठशावर मुकुट चढला तो १८९३ मध्ये. आणि १९२२ पासून लीएजमध्ये वर्षाचं अक्षर मारू लागले. ते इथं कुठेच नाही. म्हणजे बंदूक या दोन सालांमधली. दमास्कस नळ्यांवरून जुनेपणा ठरवणं फसवं असतं, कारण लीएजजवळच्या व्हेस्द्रे नदीच्या खोऱ्यात लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून त्या विसाव्या शतकातही बनत होत्या. आमच्या नळीवरची तपकिरी वळणं तिरप्या उन्हात धरली की पाण्यात तेल पसरल्यासारखी दिसतात. त्याला ‘माल’ म्हणणं मला जमणार नाही.

आणि वारसा म्हणाल तर, स्वीडिश दुकानदार लीएजहून बंदुका मागवून विकत होतेच. तीन पिढ्या जिने इथल्या जंगलात ससे आणि रानकोंबडे मारले, तिला इथली म्हणायला जन्मदाखला कशाला लागतो? (शिकारीचं उदात्तीकरण केल्याचा आरोप दुसऱ्या एका वाचकाचा आहे, त्याला वेगळं उत्तर देईन.)

ती चालवता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. धूरविरहित दारूच्या चाचणीचा पी-व्ही ठसा तिच्यावर नाही, ती फक्त काळ्या दारूवर तपासलेली आहे. शिवाय काडतुसाचा कप्पा ६५ मिलिमीटरचा आणि आजची बरीचशी काडतुसं ७० ची. असं काडतूस आत सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. धोका आहे तो तिथे.

मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, ठशांचे फोटोही जोडलेत. सासऱ्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नळ्या परत जोडल्या, आणि कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाले, “असेल बाई. पण आजोबा हुस्कवार्नाच म्हणायचे.”