आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही

नमस्कार सांगलीकर,

पायाचे स्नायू राबते ठेवले तर हृदयाला फायदा, असं मी लिहिलं होतं. त्यावरचा तुमचा राग पोचला. तुम्ही म्हणता, ‘पायाच्या स्नायूंचा हार्ट ॲटॅकशी काय संबंध? आमचे काका तालमीतले पैलवान, मांड्या खांबासारख्या, तरी पंचावन्नाव्या वर्षी गेले. मी हडकुळा, मला काही नाही. आता गोळ्या सोडून बैठका मारायच्या का?’

आधी माझी चूक. ‘राबणाऱ्या शरीराला हृदयविकार शिवत नाही’ हे वाक्य मी उगाच फेकलं होतं, काढून टाकलंय. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तदाब, घराण्यातला वारसा यांचा हिशेब बैठकांनी पुसला जात नाही. गोळ्या अजिबात सोडू नका.

पण काकांनी कुस्ती कधी सोडली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आखाडा सुटला तरी दूध-तूप-बदाम चालूच राहतात, कुठल्याही वस्तादाला विचारा. मांडी किती जाड यापेक्षा ती रोज किती जाळते, हे महत्त्वाचं. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमानं रक्तातली बरीच साखर स्नायू उचलतात. राबणारा स्नायू तर त्या हुकमाचीही वाट बघत नाही. ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या काठावर येतात आणि साखर आत ओढतात. या मेहनतीचा असर दिवस-दोन दिवस राहतो. म्हणजे तरुणपणीची कमाई बँकेत पडून राहत नाही! बसून राहिलेल्या स्नायूत रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेजही मंदावतं. स्नायू इन्सुलिनला जुमानेनासा झाला की जादा साखर यकृताच्या गळ्यात पडते, तिथे तिची चरबी होते. मग रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वर आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, खाली.

लंडनच्या डबलडेकर बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी, हे ब्रिटिश संशोधक डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं. तुमच्या बाजूचा मुद्दाही त्यांनीच दिला: १९५६ मध्ये गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा तरुण वयातही मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही.

राहिला तुमचा हडकुळेपणा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणजे वजन कमी म्हणून चरबीही कमी, असं नाही.

काकांनी शड्डू ठोकणं कधी थांबवलं, तेवढं कळवा.