‘टॉवर कशाला हवा?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जून २०२४ मध्ये मुंबईत एकाच धावपट्टीवर पुढचं विमान उडत असताना मागून दुसरं उतरलं. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने विमानतळाच्या टॉवरमधून विमानांना सूचना देणाऱ्या संबंधित कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं. त्या व्हिडिओला जोडून नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज अजून फिरतोय. त्याचा सारांश असा: विमानात टक्कर टाळणारं यंत्र असतं, म्हणून टॉवरची गरज संपली, जमिनीवर विमान ऑटोच्या वेगाने चालतं, त्यात कोण मरतं, पायलट आणि टॉवर पोपटासारखं तेच तेच बोलतात, सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, तर एकच धावपट्टी, तिथे टॉवरवाले चहा पितात आणि विमानं उगाच ताटकळत ठेवतात.

यंत्र आहे, हे खरं. त्याला टीकॅस म्हणतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं झालं. पण त्याचं काम हवेतलं. दोन विमानं फार जवळ आली की ते एकाला वर जा म्हणतं, दुसऱ्याला खाली. जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या आत आल्यावर ते असा सल्ला देतच नाही. तिथे ‘खाली जा’ म्हणजे जायचं कुठे? उतरणारं विमान त्या उंचीवर असतं तेव्हा धावपट्टी जेमतेम सहा किलोमीटर राहिलेली असते. पुढे धावपट्टीवर कोणी उभं आहे का, याचं उत्तर टीकॅसकडे नाही.

आता ‘ऑटोचा वेग’. पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत विमान हळूच जातं, कबूल. पण धावपट्टीही जमीनच आहे, आणि तिथे उड्डाणाआधी एअरबस ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेलेली असते, टाक्यांत टनांनी इंधन घेऊन. विमान अपघातांत सर्वात जास्त बळी घेणारा अपघात आकाशात झालेलाच नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ मेले.

पोपटपंचीचं उत्तरही तिथेच आहे. केएलएमच्या कॅप्टनला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं. टॉवर थांबायला सांगत होता, त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा पायलट आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं सांगत होता. दोघं एकाच वेळी बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ते शब्द शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द खरोखर उडायची परवानगी देताना, किंवा दिलेली परवानगी रद्द करताना, एवढाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. टॉवर म्हणतो, ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे थ्री टू’, म्हणजे ३२ क्रमांकाच्या धावपट्टीच्या अलीकडे थांबा. पायलटने ते धावपट्टीच्या आकड्यासकट परत म्हणायचं, नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, चालत नाही. कंट्रोलर ते ऐकून तपासतो.

एवढं करूनही चूक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर कोस्ट गार्डच्या छोट्या विमानाला धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत जायला सांगितलं होतं. त्यांनी सूचना बरोबर परत म्हटली, आणि तरी धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. टॉवरमधल्या स्क्रीनवर इशारा उमटला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. उतरणाऱ्या प्रवासी एअरबसच्या पायलटांना रात्री ते विमान दिसलंच नाही. एअरबसमधले ३७९ जण जळत्या विमानातून जिवंत बाहेर पडले. कोस्ट गार्डच्या सहापैकी पाच गेले. यातून कंट्रोलर चुकतो असं म्हणा, हरकत नाही. पण यंत्रालाही माणूस पाहणारा लागतो आणि पायलटच्या डोळ्यांवर सोडून भागत नाही, हेही त्याच घटनेत दिसतं.

राहिलं आपलं सोनेगाव. एकच धावपट्टी म्हणून काम कमी, हा हिशेबच उलटा आहे. एकेरी रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तरला डुलकी परवडते का? ३,२०० मीटरच्या त्या एकाच पट्टीवर उतरणं, उडणं, हवाई दलाची ये-जा, तपासणीची जीप, पक्षी हाकलणारे, सगळंच. त्यात नागपूर देशाच्या मधोमध. वरून जाणाऱ्या विमानात कोणाच्या छातीत दुखलं की ते इथेच वळतं, आणि त्याच्यासाठी पट्टी तेव्हाच्या तेव्हा मोकळी लागते. धावपट्टीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाच्या चार रेघा असतात: धावपट्टीकडे येणाऱ्याच्या बाजूला दोन सलग, धावपट्टीच्या बाजूला दोन तुटक. सलग रेघांकडून येणाऱ्याने टॉवरच्या परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत, मग विमान असो की जीप. तुटक बाजूने येणारा धावपट्टीतून बाहेर पडतोय, त्याने लवकर निघावं. विमानापुढे तिथे ना गेट असतं ना साखळी. रंग आणि शब्द, बस्स.

चहा पीत असतील, पिऊ द्या. ही मंडळी भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून येतात, प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाच्या संस्थेत शिकतात, आणि बदली झाली की नव्या ठिकाणचं रेटिंग, म्हणजे तिथे काम करायची पात्रता, पुन्हा कमवावं लागतं.

आणि ‘काहून थांबवलं?’ याची कारणं बहुतेक साधी असतात. पुढे मोठं जड विमान उडालं असेल तर त्याच्या पंखांमागे भोवरे राहतात. मागच्या मध्यम विमानाला दोन मिनिटं थांबावंच लागतं. मुंबईला जाणाऱ्या विमानाचं कारण वेगळं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी साधारण एकच चालते. तिथे गर्दी झाली की दिल्लीतल्या केंद्रातून प्रत्येक विमानाला उड्डाणाची वेळ ठरवून मिळते. नागपूरचं विमान मग मुंबईवर घिरट्या घालत इंधन जाळण्याऐवजी इथेच उभं राहतं. ती वेळ सोनेगावच्या टॉवरला नुसती पाळायची असते.