‘रिपर्कशन्स’ म्हणजे नुसता ‘रिझल्ट’ नव्हे

नागपुरातल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक टीप फिरते आहे: इंग्रजी निबंधात ‘रिझल्ट’ऐवजी ‘रिपर्कशन्स’ लिहा, अर्थ तोच, गुण जास्त. अर्थ तोच नाही, आणि अशा वाक्याने गुण जातात.

हा शब्द बहुधा नकोशा, दूरवर पोचणाऱ्या, पुष्कळदा उशिरा जाणवणाऱ्या परिणामांसाठी वापरतात. मूळ लॅटिन, अर्थ उलटून आदळणे. म्हणून ‘द रिपर्कशन्स ऑफ माय हार्ड वर्क वेअर गुड मार्क्स’ हे वाक्य चुकीचेच. तिथे साधा ‘रिझल्ट’ शोभतो.

आपल्याच शहराचा इतिहास घ्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचा तो मान गेला. हा थेट परिणाम. त्यामागोमाग आणखी बरेच हलले: इथले उच्च न्यायालय उरले नाही, नव्या मध्य प्रदेशाचे जबलपूरला बसले, नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. राजधानीचे शहर म्हणून असलेले वजनही ओसरले. अशा ठिकाणी लिहा: ‘द रीऑर्गनायझेशन हॅड लास्टिंग रिपर्कशन्स फॉर नागपूर’.

शब्द बहुतेकदा अनेकवचनी येतो, सोबत ‘हॅव’ हे क्रियापद. ज्याला झळ लागली त्याच्याआधी ‘फॉर’, ज्यामुळे लागली त्याच्याआधी ‘ऑफ’. मुलांनो, परीक्षा तोंडावर आहे. ती टीप पुढे पाठवली असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.