घरफोडी झाली म्हणून भाडेकरूचं डिपॉझिट का कापायचं?

घर फोडलं चोरांनी आणि पैसे कापले भाडेकरूचे! रत्नागिरीत आमच्या शेजारीच हे झालं, म्हणून लिहायला बसले.

भाडेकरू म्हणजे शाळेतल्या एक बाई. दिवाळीच्या सुट्टीत घाटावर माहेरी गेल्या होत्या. मालक मुंबईला. चोरांनी मागच्या दाराचा कोयंडा पहारीने उचकटला, सागवानी चौकट उभी चिरली, कौलं सरकवली. त्यात अवेळी पाऊस आला आणि स्वयंपाकघराची भिंत वरपासून खालपर्यंत ओली. मालकांनी फोनवर पहिलं काय विचारलं, तर "घर बंद ठेवून गेलातच कशाला?" बाईंनी जागा सोडली तेव्हा सुताराचं बिल सगळं डिपॉझिटमधून वळतं केलं.

मीही घराचा मागचा भाग भाड्याने देते, तरी सांगते, हे चूक आहे. दार, चौकट, कौलं मालकाची. भाडेकरूने नीट कुलूप लावलं होतं ना? मग दुरुस्ती मालकाने करायची. बाईंचा सिलिंडर नि भांडी गेली, ते नुकसान त्यांचं, ते त्यांनी कुणाकडे मागितलंही नाही. कुणी दार सताड टाकून गेला असेल तर गोष्ट निराळी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत हात हलवला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र आपल्याकडे बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, म्हणजे कायद्याने भाडेकरू नव्हे, नुसती राहायची परवानगी. तिथे सगळी भिस्त करारावर, आणि करारात घरफोडीचा शब्दही नसतो!

"विमा आहे ना" म्हणणाऱ्या मालकांनी पॉलिसी एकदा उघडून वाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत आग, वादळ, पूर येतं. नुसती घरफोडी येत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आणि भाडेकरूंनो, पंचनामा होईपर्यंत तुटलेल्या कडीला हात लावू नका. फोटो काढा, मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्याच.

माझ्या पुढच्या करारात मी ओळ घालणार आहे: "भाडेकरूचा निष्काळजीपणा नसताना घरफोडीत दारं, खिडक्या, कौलं यांचं नुकसान झाल्यास दुरुस्ती मालक करेल, डिपॉझिटला हात लावणार नाही." ज्यांची घरं भाड्याने आहेत त्यांनी ही ओळ खुशाल उचलावी.