पहिलं संपादन एका ओळीचंच असू द्या

२७ फेब्रुवारी जवळ आला की कॉलेजांतून फोन सुरू होतात. "सर, मराठी भाषा गौरव दिनाला विकिपीडियाची कार्यशाळा ठेवू. चाळीस मुलं देतो, चाळीस लेख झाले पाहिजेत." चाळीस लेखांना मी आता सरळ नाही म्हणतो.

एक तर एका आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, विकिपीडियावर दिवसाला सहाच खाती उघडता येतात. लॅबमधला सातवा मुलगा तिथेच अडकतो. (खाती आदल्या दिवशी घरून काढून आणायला सांगा, नाहीतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं तर बरं असं वाटायला लागतं.)

पण खरी भीती वेगळी. नवा लेख लिही म्हटलं की पोरगं गूगलवरून उचलणार आणि चिकटवणार. २०११ मध्ये पुण्यातल्या काही कॉलेजांतल्या मुलांकडून इंग्रजी विकिपीडियावर लिहून घ्यायचा उपक्रम झाला. इतका उचललेला मजकूर निघाला की तो निस्तरताना जुने संपादक मेटाकुटीला आले आणि काही महिन्यांतच सगळं गुंडाळावं लागलं. मुलांना काय बोलणार? प्रकल्प म्हणजे दुसऱ्याचं सुवाच्य अक्षरात उतरवणं, हे आपणच त्यांना पाचवीपासून शिकवलंय.

म्हणून मी एवढंच सांगतो: आपल्या गावाचं पान उघडा. मराठी विकिपीडियावर गावांची ढीगभर पानं एकाच साच्यातली आहेत. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा... मथळे आहेत, खाली ठणठणाट. मुलं आधी हसतात, मग चिडतात. चिडली की कामाला लागतात.

मागच्या वेळी एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या बारवेचा उल्लेखच नाही."

"मग लिही. संदर्भ काय देशील?"

"संदर्भ कशाला? आमच्या घरामागेच आहे!"

तिचं खोटं नव्हतं. आपल्याकडचं कितीतरी ज्ञान कधी छापलंच गेलं नाही, आणि हा संदर्भाचा नियम मलाही जाचतो. पण तो काढला तर उद्या प्रत्येक गावाच्या पानावर तिथले माजी सरपंच 'थोर समाजसेवक' होतील. शेवटी २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून तिने गावाची लोकसंख्या शोधली आणि संदर्भासकट एक ओळ घातली. बारवेचा फोटो रविवारी स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर, चढवला आणि पानावर लावला. स्वतः काढलेल्या फोटोला कुणी पुस्तक मागत नाही.

त्याच दिवशी एका मुलाचं संपादन पाच मिनिटांत उलटवलं गेलं, म्हणजे कुणीतरी पान पूर्ववत केलं. कारण नाही, काही नाही. तो लॅपटॉप मिटूनच बसला. मी त्याला 'इतिहास पहा' उघडून दाखवलं: तुझं लिहिलेलं इथे आहे, पुसलं गेलेलं नाही, चर्चा पानावर जाऊन विचार. पण जुन्या संपादकांनो, नवख्याचं उलटवताना त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी टाकायला किती वेळ लागतो हो? आपणही कधीतरी धूळपाटीवरच (विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर) गिरवत होतो.

त्या मुलाने नंतर काही लिहिलं नाही. मुलीचा मात्र आठवड्याने मेसेज आला: "सर, कुणीतरी माझ्या ओळीतली वेलांटी दुरुस्त केलीय. इतिहासात नाव दिसतंय. त्यांना थँक्यू कुठे म्हणायचं?"